आधी मासे, मग औषध

आमच्या घरात त्यांना सगळे औषधवाले काका म्हणत. खोकल्यातापाच्या औषधांशी त्यांचा काही संबंध नव्हता; झुरळं, ढेकूण, वाळवी यांच्यावर औषध मारणं हा त्यांचा धंदा. मूळ गाव गुहागर तालुक्यातलं. मुंबईत येऊन गिरणीत लागले, १९८२च्या संपात गिरणी सुटली आणि ओळखीतल्या एकाच्या हाताखाली पाठीवर फवाऱ्याची टाकी बांधून ते घरोघर फिरायला लागले. पुढे स्वतःची कामं घेऊ लागले तेव्हाही ना दुकान होतं, ना पाटी. एक जुनी स्कूटर, मागे बांधलेली पत्र्याची पेटी आणि खिशात वही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या भागात त्यांचा नंबर एका घरातून दुसऱ्या घरात तोंडीच जायचा.

आपण कुणाकुणाचे ऋणी आहोत हे आठवायला बसलं की आईवडील, शिक्षक, अडीअडचणीला धावून आलेले नातेवाईक यांचीच नावं आधी येतात. त्यांचे आभार मानायला समारंभ असतात, एकसष्टी असते, निदान वाढदिवस तरी असतो. औषधवाल्या काकांचे आभार मानायला असं निमित्त कुणी काढत नाही. पण आपल्या हातून निघालेली गोष्ट पुढे कुठवर जाते, कुणाला लागते, याचा माग काढल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणायचं नसतं, हे मला त्यांनी दाखवलं. निमित्त झालं सासूबाईंच्या माशांचं.

सासूबाई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं तेव्हा त्या शाळकरी होत्या. वडिलांबरोबर त्यांनी ते पाहिलं, आणि पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर मुलांच्या कितीतरी सहली तिथं नेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी केवळ स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे तीन फुटी फिश टँक. साधारण शंभर लिटर पाण्याचा. कुर्ल्याच्या बाजारातून त्यात एंजल आले, गुरामी आले, गप्पी आले, काच चाटत फिरणारा एक सकर आला. भाच्यानं कुठूनतरी नखाएवढ्या लाल कोळंब्या आणून दिल्या. सासूबाईंचा सकाळचा चहा टँकसमोरच व्हायचा आणि चहा संपायच्या आत माशांची हजेरी घेऊन झालेली असायची.

मग बिल्डिंगमध्ये ढेकूण आले. कुणाच्या बॅगेतून आले, कुणाच्या जुन्या सोफ्यातून आले, यावर जिन्यात बरीच चर्चा झाली. तोवर ते तीन मजले चढून गेले होते. ढेकणांची एक गंमत असते. झुरळं झाली की माणूस मोकळेपणानं सांगतो, ढेकूण झाले की लपवतो. आणि लपवण्यात गेलेले दिवस ढेकणांच्या पथ्यावर पडतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबानं शेवटी कंटाळून कुठल्याशा कंपनीचा माणूस बोलावला. त्यांच्याकडे गोल्डफिशचा छोटा टँक होता. त्या माणसानं टँकवर वर्तमानपत्र पसरलं, काही होत नाही म्हणाला आणि घरभर फवारा मारून गेला. हवेचा पंप चालूच होता. घरची मंडळी संध्याकाळी परतली तेव्हा मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. थोड्या वेळानं ते सैरभैर होऊन काचेवर आपटायला लागले, मग कुशीवर झाले. त्या घरातला मुलगा रडत आमच्याकडे आला, कारण बिल्डिंगमधल्या सगळ्याच मुलांना माशांविषयीचे प्रश्न सासूबाईंकडे न्यायची सवय होती.

त्या रात्री सासूबाईंनी जाहीर केलं, "या घरात औषध मारायचं नाही. चावू देत ढेकूण."

चावत आम्हालाही होते, त्यामुळे हा ठराव एकमतानं मंजूर होण्यासारखा नव्हता. माझ्या एका मैत्रिणीनं औषधवाल्या काकांचा नंबर दिला. फोनवर त्यांनी किती खोल्या, कुठला मजला, असं काही विचारलं नाही. विचारलं ते असं, "घरात श्वास घेणारं कोण कोण आहे?"

मी माणसं मोजली. ते म्हणाले, "माणसं झाली. आणखी?"

मी मासे म्हटल्यावर पलीकडे जरा थांबल्यासारखं वाटलं. "मग आज फक्त बघायला येतो," ते म्हणाले. "औषध आणत नाही."

आले ते खरंच रिकाम्या हातांनी. गाद्यांच्या शिवणी, दिवाणाचे सांधे, पलंगामागची भिंत, सगळं बॅटरीनं पाहून झाल्यावर ते टँकपाशी आले आणि बराच वेळ मासे सोडून भलतंच बघत राहिले. टँकमागे भिंतीला टेकून ठेवलेला हवेचा पंप त्यांनी उचलला, उलटा केला आणि सासूबाईंना जवळ बोलावलं. पंपाच्या पोटाशी नमद्याची एक छोटी गोल टिकली होती. कधीकाळी पांढरी असावी, आता काळी झाली होती. काकांनी खिशातून बसचं तिकीट काढून तिच्याजवळ धरलं. कागद हळूच थरथरला आणि टिकलीकडे ओढला गेला.

"बाई, हे याचं नाक," काका म्हणाले. "खोलीतली हवा इथून आत घेतो आणि पाण्यात सोडतो. चोवीस तास. खोलीत जे असेल ते. खालच्या घरात पेपरानं टँक झाकला, पण हे नाक उघडंच राहिलं. औषध वरून पडलं असेल थोडंफार. बाकीचं पंपानं ओढून आणून पाण्यात कालवलं."

सासूबाई सहसा कुणाचं असं ऐकून घेत नसत. त्यांनी चष्मा वर करून ती काळी टिकली पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊ, बसा. चहा घ्या. मग सांगा."

त्या चहावर जे कळलं आणि नंतर मी वाचून ताडून पाहिलं, ते असं. घरात फवारतात ती बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड जातीची असतात: सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे. यांचं मूळ एका फुलात आहे. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाची पूड किडे मारते हे जुनं ज्ञान. पण ती पूड उन्हात लवकर निकामी होते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात याच धर्तीवर उजेडातही टिकणारी औषधं बनवली, आणि ती जगभर गेली. किड्याच्या मज्जातंतूंमध्ये सोडियम ये-जा करण्याची सूक्ष्म दारं असतात. हे औषध ती दारं उघडीच धरून ठेवतं, आणि किडा तडफडून मरतो. माणसाचं शरीर हे औषध भराभर मोडून बाहेर टाकतं, म्हणून आपल्याला ते तुलनेनं सौम्य वाटतं. माशाला ते तितक्या वेगानं मोडता येत नाही. त्यातून हे औषध पाण्यापेक्षा तेलात रमणारं, त्यामुळे पाण्यात पडलं की कल्ल्यांवाटे माशाच्या अंगात जाऊन बसतं. काही मासे तर लिटरमागे एखाद-दोन मायक्रोग्रॅमनंही दगावतात. शंभर लिटरच्या टँकचा हिशेब केला तर मिठाच्या दोन-चार कणांएवढं औषध झालं.

काकांना मायक्रोग्रॅम माहीत नव्हता. पण आपल्या हातावर, बाहीवर, फवाऱ्याच्या नळीवर जेवढं औषध वाळून बसलेलं असतं तेवढं एका टँकला भारी आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यामुळे टँकच्या आसपासचं सगळं आधी, औषधाची बाटली त्यानंतर उघडायची, हा त्यांचा नियम.

"आणि ही कोळंबी," ते काचेजवळ वाकून म्हणाले, "ही तर घरात ठेवायचीच नाही. मासा एक वेळ तगेल, ही नाही तगणार. कोळंबी म्हणजे पाण्यातलं झुरळच की, बाई."

सासूबाईंमधली शिक्षिका खूश झाली. "बरोबर. दोन्ही संधिपाद," त्या म्हणाल्या. शुद्ध मांसाहारी असलेल्या माझ्या नवऱ्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता. पुढचे काही दिवस आमच्याकडे कोळंबीभाताचं नाव कुणी काढलं नाही.

याच दरम्यान बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी दुसरा उपाय सुचवला. धान्याच्या गोदामात ठेवतात त्या गोळ्या मिळतात, त्या घरात ठेवायच्या, दारं बंद करून चार दिवस गावाला जायचं, परत येईतो ढेकूण साफ. एरवी हळू बोलणारे काका जिन्यात त्यांच्यावर ओरडले. या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, आणि तो विटांच्या फटीतून, पाइपांच्या भोकातून शेजारच्या घरात जातो. म्हणून तर या गोळ्या सरसकट कुणाला विकायला मनाई आहे; प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय त्या वापरायच्याच नसतात. अशा वायूनं शेजारच्या घरातली झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. "फवाऱ्यापासून मासा वाचवता येतो," काका नंतर आम्हाला म्हणाले. "त्या वायूपुढे असलं प्लॅस्टिक पुरत नाही. तिथं मासे घराबाहेर, माणसं घराबाहेर, वरच्या-खालच्या घरातली माणसंही बाहेर. एवढं करायची तयारी नसेल तर ते काम घ्यायचंच नाही."

काम किती मोठं आहे यापेक्षा ते कुठवर जाणार आहे, हे त्यांच्या डोक्यात आधी यायचं.

ठरलं ते असं. हॉलमध्ये फवारा मारायचा नाही. हॉलमधला दिवाण गच्चीवर नेऊन त्याच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं आणि दिवसभर कडक उन्हात ठेवायचा, कारण ढेकूण पन्नास अंशांच्या वरच्या उष्णतेत टिकत नाहीत. हॉलमधल्या भिंतींच्या फटींत औषध लावायचंच तर ब्रशनं. स्वयंपाकघरात झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेलचे ठिपके. फवारा फक्त झोपायच्या दोन खोल्यांत. तरीही हवा घरभर फिरणार, म्हणून टँकचा बंदोबस्त. आदल्या दिवशी माशांना खायला घालायचं नाही, म्हणजे पाणी कमी घाण होतं आणि त्यांना प्राणवायूही कमी लागतो. बदलायचं पाणी आदल्या रात्रीच बादल्यांत भरून, क्लोरीन उडून जायला उघडं ठेवून, घराबाहेर हलवायचं. जाळी, खाद्याचे डबे, टँकसाठीची वेगळी बादली, सगळं पिशवीत बांधून बाहेर.

या सगळ्यासाठी 'बाहेर' म्हणजे समोरच्या बेनचं घर. समोरच्या बेन जैन. ढेकूण मारायचा विषय निघाला की त्या दार लावून घ्यायच्या. सासूबाई त्यांच्याकडे विजेचा प्लग मागायला गेल्या तेव्हा मी जरा धास्तावलेच होते. बेननी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत निकाल दिला: ढेकूण मारायला त्या काही देणार नाहीत, पण मासे जगवायला प्लग देतील, बादल्याही ठेवून घेतील. आमच्या कोळंब्या काचेच्या बरणीत टँकमधल्याच पाण्यासह आणि शेवाळाच्या गोळ्यासह त्यांच्या बाल्कनीत पाहुण्या म्हणून राहिल्या. कोळंब्यांना ऊन लागतं का, हे विचारायला बेन तासातासाला येत होत्या.

प्लग हवा होता तो काकांच्या मुख्य युक्तीसाठी. त्यांनी हवेच्या पंपाची सिलिकॉनची नळी काढून त्याला लांबलचक नवी नळी जोडायला लावली. पंप जिन्याच्या चौकात स्टुलावर ठेवला, त्याची वायर बेनच्या घरात, आणि नळी आमच्या मुख्य दाराच्या उंबऱ्यावरून आत, हॉलमधून टँकपर्यंत. दार लावल्यावर खालच्या फटीत ओला पंचा कोंबला. नळी दबली नाही ना, याची त्यांनी पाण्यातले बुडबुडे बघून खात्री करून घेतली. आता पंप जिन्यातली स्वच्छ हवा ओढणार आणि टँकला देणार. आमचा फिल्टर साधा स्पंजाचा, तोही याच हवेवर चालणारा. तो बंद पडून तास उलटले की स्पंजात वाढलेले, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जिवाणू गुदमरतात आणि मग औषधाचा थेंबही न पडता टँक आजारी पडतो. ती काळजी या नळीनं परस्पर मिटली.

पाण्याची पातळी त्यांनी तीन बोटं उतरवायला सांगितली. गुरामी वर येऊन हवेचा घोट घेतो. झाकणाखाली त्याला तेवढी जागा हवी. टँकचा दिवा बंद, कारण प्लॅस्टिकच्या आत उकाडा वाढतो आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून कामही सकाळी लवकर.

ते सकाळी आले तेव्हाचं दृश्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. पत्र्याची पेटी त्यांनी बाहेर जिन्यातच ठेवली, उघडली नाही. खिशातून साबणाची वेगळी डबी काढली आणि बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. आधी साबणानं, मग नुसत्या पाण्यानं, मग पुन्हा साबणानं. नखं अंगठ्यानं घासली. शर्ट बदलला, घरून आणलेला धुतलेला घातला. मी त्यांच्या पेटीवर गुंडाळून ठेवलेल्या प्लॅस्टिककडे हात नेला तेव्हा ते चटकन म्हणाले, "वहिनी, ते नको. ते माझ्याबरोबर शंभर घरं फिरलंय. तुमचं नवं आणलंय ना, तेच घ्या."

नवं प्लॅस्टिक टँकवर चढवलं, खालून टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केलं. नळीसाठी एक फट ठेवली, आणि विरुद्ध कोपऱ्यात बोटभर जागा मुद्दाम उघडी सोडली. सासूबाईंनी लगेच विचारलं, ही फट कशाला? काका म्हणाले, "बाहेरची हवा नळीतून आत येतेय. ती कुठूनतरी बाहेर जाणार की नाही? ती या फटीतून बाहेर ढकलत राहील. ज्या दारातून माणसं सारखी बाहेर पडतायत, त्या दारातून आत शिरता येतं का?" सासूबाईंनी त्या फटीशी गाल नेला. प्लॅस्टिक हळूहळू टम्म फुगलं होतं, आणि फटीतून दमट वारा त्यांच्या गालावर येत होता. "पास," त्या म्हणाल्या. शाळेतसुद्धा त्या हा शब्द सहजी वापरत नसत.

मग आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढून, नाकातोंडाला मास्क बांधून, काकांनी पेटी उघडली.

फवारणी तासाभरात आटपली; बाकीचा अर्धा दिवस टँकचाच होता. दुपारी सगळ्या खिडक्या उघडून, पंखे लावून घर वारं खात ठेवलं. प्लॅस्टिकला मात्र कुणी हात लावायचा नव्हता. औषधाचा वास गेला की काम संपलं असं आपण समजतो. काकांच्या मते त्यानंतरचं प्लॅस्टिक काढणं हेच सगळ्यात जोखमीचं. कारण आता औषध प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगावर बसलेलं असतं, आणि घाईनं ओढलं की ते थेट पाण्यात. त्यांनी पुन्हा हात धुतले, शर्ट बदलला, चिकटपट्टी सोडवली आणि प्लॅस्टिक एका कडेनं आत आत दुमडत नेलं. बाहेरची बाजू घडीच्या पोटात, पाण्याकडची बाजू वर. पूर्ण घडी होईपर्यंत ते प्लॅस्टिक टँकच्या वर आडवं आलंच नाही. घडी पिशवीत, पिशवीला गाठ. मग ओल्या फडक्यानं झाकणाच्या कडा पुसल्या, फडकंही त्याच पिशवीत.

बेनकडच्या बादल्या आल्या, तिसरा हिस्सा पाणी बदललं. फिल्टरजवळ सक्रिय कोळशाची पुरचुंडी सोडली. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून बनवतात. पाण्यात चुकून काही उतरलंच असेल तर तो ते आपल्या अंगावर धरून ठेवतो. काकांनी गुडघे टेकून काचेत पाहिलं. एंजल आपल्या जागी, सकर आपल्या जागी. गुरामी वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली गेला. "आज खायला घालू नका," एवढं सांगून ते उठले. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही, थेट दिवाण बघायला गच्चीवर गेले.

पंधरा दिवसांनी हा सगळा घाट पुन्हा घालावा लागला. ढेकणांच्या अंड्यांवर फवाऱ्याचा पुरेसा जोर चालत नाही. ती फुटून पिलं बाहेर पडली की दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीला मी मनात म्हटलं, आता माणूस थोडा सैल होईल. तसं काही झालं नाही. साबणाची डबी निघाली, शर्ट बदलला, नमद्याच्या टिकलीकडे एक नजर टाकून पंप जिन्यात गेला. सवयीनं हात सैल पडतो असं आपण म्हणतो; त्यांचा हात सवयीनंच घट्ट झाला होता.

कोळंब्या आठ दिवस बेनकडेच राहिल्या. परत आणताना बरणीत आणखी पिलं दिसत होती. बेनच्या पाहुणचाराचं ऋण वेगळं, ते त्यांच्याच नावावर लिहायला हवं.

पैशांचा प्रश्न आला तेव्हा सासूबाईंनी पाकीट तयार ठेवलं होतं. औषधाचे ठरलेले पैसे, आणि टँकसाठी घालवलेल्या वेळाचे वेगळे. काकांनी दुसरी रक्कम पाकिटातून काढून टेबलावर ठेवली. सासूबाईंनी मुलांना दटावतात तसा आवाज काढला, तरी ते ऐकेनात. "बाई, मी औषधाचे पैसे घेतो," ते म्हणाले. "माशांना कुठं औषध मारलं?"

यावर काय बोलायचं ते सासूबाईंना सुचलं नाही. पण ऋण ठेवणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. बोलता बोलता त्यांनी काढून घेतलं की काकांच्या गावच्या घरामागे सिमेंटचा हौद आहे, पावसाळ्यानंतर त्यात डास होतात आणि काका स्वतःच्या घरी मात्र फवारा मारत नाहीत. "मग गप्पी न्या की," सासूबाई म्हणाल्या. गप्पी डासांच्या अळ्या खातात. महापालिकेचं कीटकनाशक खातंही विहिरींत आणि कारंज्यांत हेच मासे सोडतं. काका खो खो हसले. आयुष्यभर डास मारले, पण डास खाणारं जनावर आपल्याला कुणी दिलं नव्हतं, म्हणाले. गणपतीला गावी जाण्याआधी सासूबाईंनी कुर्ल्याचे दुकानदार बांधतात तशी पिशवी बांधून दिली: एक तृतीयांश पाणी, वर हवा, आणि त्यात थोडे गप्पी. देताना एकच अट घातली. हे मासे हौदातच राहतील. वहाळात नाही, वाशिष्ठी नदीत तर नाहीच. गप्पी हा आपल्याकडचा मासा नव्हे. मोकळ्या पाण्यात सुटला तर झपाट्यानं वाढतो आणि तिथल्या मूळच्या माशांची अंडी-पिलं खातो.

काकांनी हे जितक्या गंभीरपणे ऐकून घेतलं, तितक्या गंभीरपणे सासूबाईंनी त्यांचं पंपाबद्दलचं ऐकलं होतं. मला वाटतं, त्या दोघांमध्ये जे जमलं ते यामुळेच. दोघंही एकच प्रश्न विचारणारी माणसं होती: हे माझ्या हातून सुटल्यावर पुढे कुठे जाईल?

सासूबाई गेल्या आणि टँक माझ्याकडे आला. काका करोनाच्या वर्षात गावी गेले ते तिथेच राहिले. आता बिल्डिंगमध्ये कंपन्यांची मुलं येतात. बुकिंग फोनवरच्या अॅपवर होतं आणि त्यात 'पेट्स आहेत का' असा रकाना असतो. लोक बेधडक 'नाही' भरतात. कुत्रं नाही, मांजर नाही, म्हणजे पेट नाही. काचेतला मासा त्यांच्या हिशेबात येत नाही. मी सोसायटीच्या कमिटीत गेले तेव्हा आमच्या सूचनाफलकावरच्या नोटिशीत तो प्रश्न बदलून घेतला. कुठल्याही घरात औषध मारायचं असेल तर वरच्या, खालच्या आणि समोरच्या घराला आधी कळवायचं, आणि त्या प्रत्येक घरानं सांगायचं की घरात श्वास घेणारं कोण कोण आहे. सेक्रेटरींना ही भाषा विचित्र वाटली. 'पाळीव प्राणी' लिहू, म्हणाले. मी बधले नाही. या एका प्रश्नामुळे आतापर्यंत एक पोपट, कासवाची एक जोडी, एका आजोबांचा दमा आणि जुळ्यांचा पाळणा, एवढं सगळं औषध येण्याआधी उजेडात आलं आहे.

गणपतीत काकांचा फोन येतो. आधी विचारतात, ढेकूण? मग, मासे? मग गावाकडचं सांगतात. हौदातले गप्पी भरपूर वाढले आहेत, वाडीतले लोक न्यायला येतात, आणि ते देतातही, पैसे न घेता. मात्र नेणाऱ्यानं आधी हौद दाखवायचा आणि जादा झालेले मासे वहाळात सोडणार नाही, हे कबूल करायचं. तसं कबूल न करणाऱ्या एका पुढाऱ्यालाही त्यांनी रिकाम्या बादलीनं परत पाठवलं, हे सांगताना काकांचा आवाज चांगलाच चढलेला असतो.